मतपत्रिकेवरचे नाव आणि मोजणीची रीत

निवडणूक जवळ आली की आपल्या वस्त्यांतून एक प्रश्न हमखास निघतो: या वेळी आपला माणूस अपक्ष उभा करायचा का? मी आंबेगाव तालुक्यातील अवसरी बुद्रुकचा. घरातला पहिला पदवीधर, आणि आता महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवतो. त्यामुळे हा प्रश्न माझ्याकडे दोन वाटांनी येतो. गावात कार्यकर्ते तो ग्रामपंचायतीच्या आणि विधानसभेच्या संदर्भात विचारतात. वर्गात विद्यार्थी तो अमेरिकेच्या संदर्भात विचारतात, कारण तेथे मतपत्रिकेवर न छापलेल्या माणसाचे नावसुद्धा मतदार स्वतःच्या हाताने लिहू शकतो असे त्यांनी कुठे तरी वाचलेले असते. ‘सर, आपल्याकडे अशी सोय असती तर?’ असे ते म्हणतात.

या दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकाच ठिकाणी आहे असे मला वाटते. मतपत्रिकेवर आपले नाव येणे हा लोकशाहीतला अर्धा हक्क आहे. उरलेला अर्धा हक्क मते मोजण्याच्या रीतीत असतो. पहिल्या अर्ध्याबद्दल आपण पुष्कळ बोलतो, दुसऱ्याबद्दल फारसे बोलत नाही. बाबासाहेब मात्र दोन्हींबद्दल बोलत होते. प्रस्तुत लेखात हे दोन अर्धे जोडून पाहण्याचा प्रयत्न आहे.

अपक्ष कोणाला म्हणावे?

प्रथम गावापासून सुरुवात करू. महाराष्ट्रात ग्रामपंचायतीची निवडणूक राजकीय पक्षांच्या चिन्हांवर होत नाही. म्हणजे कायद्याच्या नजरेने तेथील प्रत्येक उमेदवार अपक्षच. पण ज्याने गावची निवडणूक पाहिली आहे त्याला हे वाचून हसू येईल. गावात पॅनेल असते. पॅनेलमागे भावकी असते, सोसायटी असते, दूध संघ असतो, साखर कारखान्याचा गट असतो. राखीव जागेवर कोण उभा राहणार हे पुष्कळदा राखीव वस्तीत ठरत नाही. ते पॅनेलच्या बैठकीत ठरते. पक्षाचे चिन्ह नसले म्हणजे माणूस स्वतंत्र झाला असा याचा अर्थ होत नाही.

विधानसभा आणि लोकसभेला मात्र पक्षाचा उमेदवार आणि अपक्ष यांत कायद्यानेच भेद केलेला आहे. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला अर्जावर एक सूचक पुरतो. अपक्षाला त्याच मतदारसंघातील दहा मतदार सूचक म्हणून लागतात. १९९६ सालच्या दुरुस्तीने ही अट आली. शहरातल्या माणसाला दहा सह्या म्हणजे काहीच वाटणार नाही. पण शेतमजुरी करणाऱ्या वस्तीत दहा सूचक म्हणजे दहा घरे उघडी पडतात. ज्याच्या रानात उद्या खुरपणीला जायचे त्याच्याच माणसाविरुद्ध आपली सही सरकारी कागदावर आहे, हे प्रत्येक सूचकाला ठाऊक असते.

दुसरी अट अनामत रकमेची. लोकसभेला पंचवीस हजार रुपये आणि विधानसभेला दहा हजार. अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवाराला त्याच्या निम्मे. एकूण वैध मतांच्या एक षष्ठांशापेक्षा जास्त मते मिळाली नाहीत, आणि उमेदवार निवडूनही आला नाही, तर ही रक्कम जप्त होते. एखाद्या विधानसभा मतदारसंघात एक लाख ऐंशी हजार वैध मते पडली असे धरा. अनामत वाचवायला तीस हजारांच्या पुढे जावे लागेल. तिसरी गोष्ट लहान दिसते, पण लहान नाही. मतदानयंत्रावर नावे लावताना आधी मान्यताप्राप्त पक्षांचे उमेदवार येतात, मग नोंदणीकृत पण मान्यता नसलेल्या पक्षांचे, आणि सर्वांत शेवटी अपक्ष. चिन्हही अपक्षाचे कायमचे नसते. मुक्त चिन्हांच्या यादीतून ते अर्ज मागे घेण्याची मुदत संपल्यावर मिळते. म्हणजे लोकांपर्यंत चिन्ह पोहोचवायला त्याच्या हाती जेमतेम दोन आठवडे उरतात. मान्यताप्राप्त पक्षाचे चिन्ह तीन पिढ्या भिंतीवर असते.

हे सगळे ओलांडून जे अपक्ष निवडून येतात ते कोण असतात हेही पाहिले पाहिजे. १९९५ साली महाराष्ट्र विधानसभेत ४५ अपक्ष निवडून आले. शिवसेनेचे ७३ आणि भाजपचे ६५ मिळून १३८ होत होते. २८८ च्या सभागृहात बहुमताला १४५ लागतात. सरकार अपक्षांच्या पाठिंब्यावर उभे राहिले. यांतले बहुसंख्य अपक्ष काँग्रेसचे बंडखोर होते, त्यांच्यामागे तालुक्यातील संस्था होत्या. २०२४ साली महाराष्ट्रातून लोकसभेवर निवडून आलेले एकमेव अपक्ष सांगलीचे विशाल पाटील. ते माजी मुख्यमंत्री वसंतदादा पाटील यांचे नातू. २०१९ साली अमरावतीच्या राखीव जागेवर नवनीत राणा अपक्ष म्हणून निवडून आल्या, तेव्हा त्यांना काँग्रेस आणि राष्ट्रवादीचा पाठिंबा होता. यात कोणाला दोष देण्याचा हेतू नाही. सांगायचे ते एवढेच की ‘अपक्ष’ हा एकच शब्द दोन अगदी वेगळ्या माणसांना लावला जातो. एकाकडे पक्ष सोडून बाकी सर्व काही असते. दुसऱ्याकडे पक्ष नसतो आणि बाकीचेही काही नसते.

लिहून द्यायचे नाव

आता विद्यार्थ्यांच्या प्रश्नाकडे वळू. अमेरिकेत मतपत्रिकेवर उमेदवारांच्या नावांखाली बहुतेक राज्यांत एक रिकामी ओळ असते. छापलेले कोणीच पसंत नसेल तर मतदार तेथे आपल्या मनातले नाव लिहितो. आपल्याकडे मतपत्रिकेवर मतदाराची ओळख पटेल असे काही लिहिले तर मत बाद होत असे, आणि यंत्रावर तर लिहिण्याचा प्रश्नच नाही. त्यामुळे ही रिकामी ओळ आपल्याला स्वातंत्र्याची परिसीमा वाटते.

पण त्या ओळीलाही नियम आहेत. अमेरिकेत अध्यक्षाची निवडणूक प्रत्येक राज्य आपल्या कायद्याने घेते. काही राज्यांत अध्यक्षपदासाठी नाव लिहिण्याची सोयच नाही. बहुतेक राज्यांत लिहिलेले नाव मोजले जावे म्हणून त्या उमेदवाराने आधी अर्ज भरून ठेवावा लागतो आणि आपल्या निर्वाचकांची यादी द्यावी लागते. तसे नसेल तर ते मत कोणाच्याच खात्यात जमा होत नाही. हवाई राज्याने ही सोय अजिबात दिली नव्हती. एका मतदाराने त्याविरुद्ध दाद मागितली. १९९२ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी हवाईचा कायदा वैध ठरवला. न्यायालयाच्या मते निवडणूक ही उमेदवार निवडण्याची पद्धत आहे, मनातला सगळा राग नोंदवण्याची जागा नव्हे.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, नाव लिहायचे तर लिहिता आले पाहिजे. ज्या देशाने मतदाराच्या हाती पेन्सिल दिली त्याच देशाच्या दक्षिणेकडील राज्यांत काळ्या माणसाला मतदार यादीत नाव घालण्यासाठी साक्षरतेची परीक्षा द्यावी लागे. परीक्षक गोरा असे, आणि शिकलेला काळा शिक्षकसुद्धा त्याच्या परीक्षेत नापास होऊ शकत असे. १९६५ च्या मतदान हक्क कायद्याने या परीक्षा थांबवल्या. तोपर्यंत अक्षर हेच तेथे कुंपण होते. ज्या समाजाला शतकानुशतके अक्षरापासून दूर ठेवले गेले त्याला याचा अर्थ वेगळा समजावून सांगायला नको. १९५१ च्या जनगणनेत भारतातील साक्षरता अठरा टक्क्यांच्या आसपास होती. आपल्या पहिल्या निवडणुकीत प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी आणि पेटीवर चिन्ह होते ते यासाठीच. माझ्या आजीला अक्षर येत नव्हते. तिला हत्ती कळत असे. लिहायची ओळ तिच्या काही कामाची नव्हती.

अमेरिकेतही चिन्हाचे राजकारण झाले आहे, आणि त्याचा धागा थेट आपल्यापर्यंत येतो. अलाबामा राज्यात निरक्षर मतदारांसाठी पक्षांना चिन्ह असे. तेथील डेमोक्रॅटिक पक्षाचे चिन्ह पांढरा कोंबडा होते आणि त्यावर गोऱ्यांच्या श्रेष्ठत्वाची घोषणा छापलेली असे. त्या राज्यात लाउंड्स नावाचा जिल्हा आहे. तेथील पाचांपैकी चार माणसे काळी. पण १९६५ च्या आरंभी मतदार यादीत एकही काळे नाव नव्हते. स्टोकली कार्मायकेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथे यादीत नावे घालण्याची मोहीम चालवली आणि स्थानिक लोकांनी स्वतःचा स्वतंत्र पक्ष काढला. पांढऱ्या कोंबड्यासमोर त्यांनी चिन्ह घेतले काळा चित्ता. नोव्हेंबर १९६६ च्या निवडणुकीत त्यांचे सगळे उमेदवार पडले. पण चिन्ह पडले नाही. त्याच वर्षी कॅलिफोर्नियात ओकलंड शहरात ते ब्लॅक पँथर पक्षाने उचलले, आणि १९७२ साली मुंबईत आपल्या तरुणांनी दलित पँथर स्थापन केली. आपण ज्याला बंडाचे प्रतीक म्हणून ओळखतो तो पँथर मुळात मतपत्रिकेवरचे एक निवडणूक चिन्ह होता, हे कार्यकर्त्यांनी ध्यानात ठेवावे. आणि लाउंड्सची गोष्ट पराभवावर संपली नाही हेही ध्यानात ठेवावे. त्या पक्षाचे एक संस्थापक जॉन ह्यूलेट १९७० साली त्याच जिल्ह्याचे शेरीफ म्हणून निवडून आले.

मत पडते, पण मोजले कसे जाते?

१९६८ ची अमेरिकन अध्यक्षीय निवडणूक आपल्या दृष्टीने अभ्यासण्यासारखी आहे. त्या वर्षी मोठ्या दोन पक्षांबाहेरचे अनेकजण उभे होते. डिक ग्रेगरी हा काळा विनोदी नट आणि नागरी हक्कांचा कार्यकर्ता काही राज्यांत मतपत्रिकेवर होता. इतरत्र ‘माझे नाव लिहा’ असे तो लोकांना सांगत हिंडला. ब्लॅक पँथरचे एल्ड्रिज क्लीव्हर दुसऱ्या एका छोट्या पक्षातर्फे उभे होते, जरी त्यांचे वय राज्यघटनेच्या पस्तीस वर्षांच्या अटीत बसत नव्हते. ग्रेगरीला सुमारे सत्तेचाळीस हजार मते मिळाली. त्याच निवडणुकीत अलाबामाचे माजी गव्हर्नर जॉर्ज वॉलेस हेही तिसऱ्या पक्षाचे उमेदवार होते. काळ्या-गोऱ्यांना वेगळे ठेवलेच पाहिजे हा त्यांचा जाहीरनामा. त्यांना साडेतेरा टक्के मते, पाच राज्ये आणि ४६ निर्वाचक मिळाले. १९५४ साली दक्षिण कॅरोलिनातून स्ट्रॉम थर्मंड केवळ लिहिलेल्या नावावर सिनेटवर निवडून गेले; तेही वर्णभेदाचे कट्टर पुरस्कर्ते. साधन स्वतःहून पुरोगामी किंवा प्रतिगामी नसते. ज्याच्यामागे संघटना आणि जमाव असतो त्याच्या ते कामी येते.

वॉलेस यांचा आकडा आणखी एका आकड्याशेजारी ठेवावा. १९९२ साली रॉस पेरो हे अब्जाधीश अपक्ष उभे राहिले. त्यांना जवळजवळ १९ टक्के मते मिळाली, म्हणजे वॉलेसपेक्षा बरीच जास्त. निर्वाचक किती मिळाले? एकही नाही. असे का व्हावे? अमेरिकेत अध्यक्ष लोकांच्या एकूण मतांनी निवडला जात नाही. एकूण ५३८ निर्वाचक असतात आणि २७० मिळवणारा अध्यक्ष होतो. मेन आणि नेब्रास्का सोडल्यास प्रत्येक राज्यात जो पहिला येतो तो त्या राज्याचे सगळे निर्वाचक घेऊन जातो. वॉलेस यांची मते दक्षिणेत एकवटलेली होती, पेरो यांची सगळीकडे पसरलेली. एकवटलेल्या मतांना सत्ता मिळाली, पसरलेल्या मतांना नुसती टक्केवारी मिळाली. १९८८ साली लेनोरा फुलानी यांनी पन्नासही राज्यांत मतपत्रिकेवर नाव आणले; तसे करणाऱ्या त्या पहिल्या स्त्री आणि पहिल्या काळ्या उमेदवार. पन्नास राज्यांचे पन्नास कायदे आणि हजारो सह्या पार करून मिळालेले हे यश होते. तरीही मोजणीच्या रीतीपुढे ते शून्यच राहिले.

येथे आपल्याला थांबून विचार केला पाहिजे. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात अनुसूचित जातींचे प्रमाण ११.८ टक्के आहे. हा समाज एखाद्या जिल्ह्यात एकवटलेला नाही. तो प्रत्येक गावाच्या कडेला थोडा थोडा आहे. म्हणजे मोजणीच्या दृष्टीने आपण पेरो यांच्या मतदारांसारखे आहोत. फरक इतकाच की पेरो यांच्या मतदारांना दुसऱ्या दिवशी शेतमालकाकडे कामाला जायचे नव्हते.

अपक्ष राष्ट्रपती

पसंतीक्रमाने मते मोजली तर चित्र किती बदलते हे आपल्याच देशात दिसते. आपला राष्ट्रपती खासदार आणि आमदार निवडतात, आणि मतदार उमेदवारांना पहिली, दुसरी, तिसरी अशी पसंती देतो. १९६९ साली काँग्रेसचे अधिकृत उमेदवार नीलम संजीव रेड्डी होते. व्ही. व्ही. गिरी अपक्ष उभे राहिले. तिसरे प्रमुख उमेदवार आपले चिंतामणराव देशमुख, रिझर्व्ह बँकेचे माजी गव्हर्नर, ज्यांनी १९५६ साली मुंबईच्या प्रश्नावर अर्थमंत्रिपद सोडले होते. पहिल्या पसंतीत गिरींना ४,०१,५१५, रेड्डींना ३,१३,५४८ आणि देशमुखांना १,१२,७६९ मतमूल्य मिळाले. कोणालाच निम्म्याहून जास्त नाही. मग इतर उमेदवार एकेक करून वगळत त्यांच्या मतपत्रिकांवरील पुढच्या पसंत्या मोजल्या गेल्या. शेवटी गिरी ४,२०,०७७ आणि रेड्डी ४,०५,४२७. देशमुखांना दिलेले मत वाया गेले नाही. त्या मतदाराला शेवटच्या निवडीतही बोलता आले.

अर्थात हेही विसरू नये की गिरी नावाचे अपक्ष होते. पंतप्रधान इंदिरा गांधींनी सद्सद्विवेकबुद्धीने मत देण्याचे आवाहन केले ते कोणासाठी होते हे सगळ्यांना ठाऊक होते. त्यानंतर १९७४ साली राष्ट्रपतिपदाच्या अर्जाला दहा सूचक आणि दहा अनुमोदक आवश्यक केले गेले. १९९७ पासून ते पन्नास आणि पन्नास झाले. हे शंभरही जण खासदार-आमदारच हवेत. दार उघडे आहे, फक्त उंबरठा उंच होत गेला आहे.

बाबासाहेबांचा अनुभव

मोजणीची रीत माणसाला कशी जिंकवते आणि कशी पाडते हे बाबासाहेबांच्या तीन निवडणुकांतून स्पष्ट दिसते. १९३७ साली मुंबई इलाख्यात एकाहून अधिक सदस्यांचे मतदारसंघ होते आणि मतदाराला आपली सगळी मते एकाच उमेदवाराला देण्याची मुभा होती. स्वतंत्र मजूर पक्ष जेमतेम वर्षभराचाही नव्हता. तरी त्याने उभ्या केलेल्या सतरापैकी बहुतेक जागा जिंकल्या. स्वतः बाबासाहेब मुंबईतून निवडून आले. काँग्रेसने त्यांच्याविरुद्ध प्रख्यात क्रिकेटपटू पाळवणकर बाळू यांना उभे केले होते.

१९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत ही मुभा नव्हती. उत्तर मुंबईचा मतदारसंघ दोन जागांचा, त्यांतली एक राखीव. मतदाराला दोन मतपत्रिका मिळत, पण त्या दोन वेगवेगळ्या उमेदवारांना द्याव्या लागत. दोन्ही एकाच पेटीत टाकल्या तर एकच मोजली जाई, दुसरी बाद. यालाच आपल्याकडे मत कुजवणे म्हणतात. शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनची समाजवाद्यांशी युती होती, सर्वसाधारण जागेवर अशोक मेहता होते. हिशोब असा की आपली दुसरी मते मेहतांना आणि त्यांची दुसरी मते बाबासाहेबांना. प्रत्यक्षात हजारो मते कुजली. राज्यघटनेच्या मसुदा समितीचा अध्यक्ष काँग्रेसच्या नारायण काजरोळकरांकडून सुमारे चौदा-पंधरा हजार मतांनी पडला. १९५४ च्या भंडारा पोटनिवडणुकीतही तेच झाले. तेथे दुसरे मत कुजवावे असा अनुयायांचा आग्रह होता, पण बाबासाहेबांनी तसे सांगायला नकार दिला. अशोक मेहता निवडून आले, बाबासाहेब पडले. त्यांनी मित्रपक्षाला मते दिली. तितकी परत आली नाहीत.

दोन जागांच्या मतदारसंघांची ही पद्धत १९६१ च्या कायद्याने बंद झाली. पण ती बाबासाहेबांसारख्या पराभवांमुळे बंद झाली नाही. १९५७ साली आंध्रातील पार्वतीपुरम येथे दोन्ही जागा आदिवासी उमेदवारांनी जिंकल्या आणि सर्वसाधारण जागेचे उमेदवार पडले. हे पडलेले उमेदवार म्हणजेच व्ही. व्ही. गिरी. ते सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. राखीव गटातील उमेदवार जास्त मते मिळवून सर्वसाधारण जागाही घेऊ शकतो, असा निकाल १९५९ साली लागला. त्यानंतर दोनच वर्षांत पद्धत बदलली. यातून कोणी काय अर्थ काढायचा तो काढावा.

त्याच १९५७ साली महाराष्ट्रात उलटा अनुभवही आला. फेडरेशन संयुक्त महाराष्ट्र समितीत होते. नाशिकमधून दादासाहेब गायकवाड लोकसभेत गेले. ज्या खेड मतदारसंघात पुढे २००८ पर्यंत आमचा आंबेगाव तालुका होता, तेथून फेडरेशनचे बाळासाहेब साळुंके निवडून आले. माझ्या विद्यार्थ्यांपैकी फार थोड्यांना हे नाव माहीत असते. चळवळीचा खासदार आपल्या भागातूनही गेला होता, आणि तो एकट्याच्या बळावर नव्हे तर मते एकमेकांना पोहोचवणाऱ्या आघाडीतून गेला होता, हे त्यांना सांगितले की वर्ग शांत होतो.

एक साधे गणित

‘भाषिक राज्यांविषयी विचार’ या १९५५ च्या पुस्तकात बाबासाहेबांनी अल्पसंख्याकांच्या संरक्षणासाठी एक उपाय सुचवला होता: एका जागेऐवजी दोन किंवा तीन जागांचे मतदारसंघ आणि मते एकवटण्याचा हक्क. तो कसा चालतो हे गणिताने पाहू.

एका प्रभागात हजार मतदार आहेत, तीनशे आपले आणि सातशे इतर. जागा तीन, म्हणून प्रत्येकाला तीन मते. आजच्या पद्धतीने प्रत्येक जागेला एकेकच मत देता येते. तिन्ही जागांवर तीनशे विरुद्ध सातशे. एक जागा राखीव असेल तर तेथे आपल्या जातीचा माणूस येईल हे खरे, पण अनेक उमेदवारांतून कोणता यायचा हे सातशे ठरवतील. आता मते एकवटण्याची मुभा द्या. आपले तीनशे मतदार तिन्ही मते एकाच उमेदवाराला देतील: नऊशे. इतरांची एकवीसशे मते तीन उमेदवारांत वाटली तर प्रत्येकी सातशे. आपला उमेदवार पहिल्या क्रमांकाने येतो आणि तो आपण निवडलेला असतो. तीन जागांच्या प्रभागात एक चतुर्थांशाहून जास्त मतदार एकजूट राहिले की त्यांना कोणी रोखू शकत नाही.

हे कागदावरचे स्वप्न नाही. अलाबामातच चिल्टन नावाचा जिल्हा आहे. तेथे काळ्यांचे प्रमाण दहा-बारा टक्के. न्यायालयातील तडजोडीनंतर १९८८ साली तेथील सात सदस्यांच्या जिल्हा मंडळाला मते एकवटण्याची पद्धत लावली. पहिल्याच निवडणुकीत बॉबी एजी हे काळे उमेदवार सर्वांत जास्त मते घेऊन निवडून आले. ज्या राज्यात पांढऱ्या कोंबड्याचे राज्य होते तेथे फक्त मोजणीची रीत बदलल्याने हे घडले.

आपल्यापुढील काम

मग आपण अपक्ष उभा करू नये काय? माझे म्हणणे तसे नाही. अपक्ष उमेदवारीचे उपयोग आहेत. ती कार्यकर्ता घडवते, मतदार यादी तपासायला लावते, वस्तीतील माणसाला एकदा तरी निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या टेबलासमोर उमेदवार म्हणून उभे करते. लाउंड्सच्या लोकांनी १९६६ साली हेच केले, आणि चार वर्षांनी शेरीफ निवडला. पण उभे राहण्यापूर्वी काही प्रश्न स्वतःला विचारावेत. आपली मते या मतदारसंघात एकवटलेली आहेत की विखुरलेली? दहा सूचक निकालानंतरही बरोबर राहतील काय? चिन्ह पोहोचवायला वस्तीवस्तीत माणूस आहे काय? आणि आपला अपक्ष आपल्याच इच्छेने उभा आहे, की दुसऱ्या कोणाला आपली मते फोडायची आहेत? हा शेवटचा प्रश्न फार महत्त्वाचा. २०१४ साली रायगड लोकसभा मतदारसंघात निकाल २,११० मतांनी लागला. पडलेल्या उमेदवाराच्याच नावाचा एक अपक्ष तेथे होता आणि त्याला ९,८४९ मते पडली होती. ज्या निवडणुकीत नाव उसने घेता येते तेथे जातही उसनी घेता येते.

काही तरुण मित्र म्हणतात, मग ‘नोटा’ दाबू. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालाने हे बटण आले. २०१९ साली लातूर ग्रामीण विधानसभा मतदारसंघात नोटा दुसऱ्या क्रमांकावर होता. पण विधानसभा-लोकसभेच्या मोजणीत नोटाला कितीही मते पडली तरी उमेदवारांत पहिला येणारा निवडून येतो. महाराष्ट्राच्या राज्य निवडणूक आयोगाने २०१८ साली स्थानिक संस्थांपुरता वेगळा नियम केला: नोटाला सर्वाधिक मते पडली तर फेरनिवडणूक. ही दिशा चांगली आहे. तरी नकार नोंदवणे वेगळे आणि प्रतिनिधी निवडणे वेगळे. अमेरिकेतील रिकाम्या ओळीचे मर्मही हेच आहे. राग तेथे लिहिता येतो, सत्ता तेथे लिहिता येत नाही.

म्हणून अपक्षाच्या अर्जाबरोबर चळवळीने आणखी एक मागणी लावून धरली पाहिजे. ग्रामपंचायतीचे प्रभाग आजही एकाहून जास्त सदस्यांचे आहेत. मते एकवटण्याची मुभा प्रथम तेथे द्यावी, असे महाराष्ट्रातून मागता येईल. त्यासाठी मतदारसंघ नव्याने आखावे लागणार नाहीत, नवीन यंत्रणाही लागणार नाही. नियम बदलावा लागेल. ही मागणी आपल्या मेळाव्यांच्या ठरावांत का दिसत नाही? आपण जागा किती मिळाल्या हे मोजतो. त्या जागांवर कोणाच्या मताने माणूस बसला हे मोजत नाही. शिक्षकांनी हे गणित फळ्यावर मांडावे, विद्यार्थ्यांनी आपल्या गावच्या गेल्या निवडणुकीचे आकडे मिळवून ते करून पाहावे, आणि कार्यकर्त्यांनी ते वस्तीत नेऊन सांगावे. गणित अवघड नाही. तीन मते आहेत, ती कोणाला द्यायची हे आपले आपल्याला ठरवू द्या, एवढेच मागणे आहे.